कोथरूडला दुबई जवळ आणि ढाका लांब, हे कसं झालं?

अनघा_कोथरूड
रविवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी,

आज आषाढी. काल उपासाची तयारी करायला बसले तर साबुदाणा, भगर, दाण्याचं कूट सगळं होतं, सैंधव मात्र बरणीच्या तळाशी चिमूटभर. नेहमीच्या वाण्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, हा जुना माल आहे. घेऊन ठेवा, नवीन येत नाहीये." पाव किलोची पुडी दिली. गुलाबीसर खडे, पावसाळी हवेने जरा ओलसर झालेले. पुडीवर कुठून आलं ते लिहिलेलं नव्हतं, पण मी २८ वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. हे मीठ पाकिस्तानातल्या पंजाबातून येतं, झेलम जिल्ह्यातल्या खेवड्याच्या खाणीतून. शब्दच सांगतो ना! सिंधूकडचं ते सैंधव.

त्याच दुकानात त्याच फळीवर कॅलिफोर्नियाचे बदाम होते, स्पेनचं ऑलिव्ह तेल होतं, फ्रिजमध्ये न्यूझीलंडची किवी होती. तिथेच उभी राहून विचारात पडले. सार्कचा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा, धडा शिकवताना मी मुलांकडून देशांची नावं पाठ करून घ्यायचे. आधी सात, मग २००७ मध्ये अफगाणिस्तान आल्यावर आठ. मुलं घडाघडा म्हणायची. माझी भाची वर्षातून दोनदा दुबईला जाते, शेजारच्यांचा मुलगा व्हिएतनामला कामासाठी ये-जा करतो. पण ढाक्याला, काठमांडूला, कराचीला कामासाठी जाऊन आलेलं आमच्या सोसायटीत कोणीही नाही.

जागतिकीकरणाने जग जवळ आणलं असं आपण सगळेच म्हणतो. मग अंगणाला अंगण लागून असलेले देश आपल्यापासून एवढे लांब कसे राहिले? मला तर वाटायला लागलंय की शेजाऱ्याला वळसा घालून जाणं जागतिकीकरणानेच सोपं केलं. तुमच्या कामात, धंद्यात शेजारी देशांशी संबंध येतो का? आला असेल तर कसा, ते जरूर लिहा.

मिसळपुरी
रविवार, सकाळी ९:३२

ताई, विषय फार जिव्हाळ्याचा. वाचतोय.

भुसार_मार्केटयार्ड
रविवार, सकाळी १०:०५

अनघाताई, वाण्याने खरं तेच सांगितलं. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसली. तेव्हापासून सैंधव बरंचसं दुबईच्या कागदावर यायचं. कराचीहून दुबई, दुबईहून न्हावाशेवा, तिथून आमचा गाळा. पहलगामनंतर २०२५ च्या मे महिन्यात तिसऱ्या देशातून येणारा पाकिस्तानी मालही बंद झाला. त्यामुळे आता आहे ते गोदामातलंच.

सैंधवावर कुणाचं घर अडत नाही. अडतं ते अफगाणिस्तानच्या मालावर. अंजीर, जर्दाळू, काळी मनुका, शहाजिरं, हिंगाचा चीक. सार्कच्या करारामुळे अफगाण सुक्या मेव्याला आपल्याकडे सवलत आहे, पण तो यायचा पाकिस्तानातून अटारीच्या रस्त्याने. अटारी बंद झाली आणि मेवा रस्त्यात अडकला. मग खास बाब म्हणून सुमारे १६० ट्रक सोडले. माझ्या अंजिराच्या पेट्या त्यात होत्या. पेटी उघडली तर दोरीत ओवलेल्या माळा उन्हाने करकरीत झालेल्या. तरी दोन दिवसांत संपल्या, कारण गिऱ्हाईक वाट बघत होतं. काबूल आणि पुणे यांचं भांडण नाही. मधलं दार दुसऱ्याच्या हातात आहे, एवढंच.

सीमाभान
रविवार, सकाळी ११:२०

ताईंचा प्रश्न अचूक जागी बोट ठेवतो. मी याच विषयावर विद्यापीठात संशोधन करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सार्क ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात स्थापन झाली. सनदेतच दोन अटी घातल्या: प्रत्येक निर्णय एकमताने, आणि दोन देशांमधला वादाचा विषय इथे काढायचा नाही. भांडण टळावं म्हणून घातलेल्या अटी होत्या, पण मुळावरच्या दुखण्याला हात लावायचा नाही असं ठरलं की औषध लागणार कुठे? मुक्त व्यापाराचा करार, साफ्टा, २००४ मध्ये इस्लामाबादेत झाला आणि २००६ पासून लागू झाला. प्रत्येक देशाने आपली संवेदनशील वस्तूंची यादी बाजूला काढून ठेवली, आणि शेजाऱ्याला विकण्यासारखं जे होतं तेच नेमकं त्या यादीत गेलं. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला. पुढची २०१६ मध्ये इस्लामाबादला व्हायची होती, उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली ती झालीच.

परिणाम असा की दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के. आग्नेय आशियात हेच प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आहे. २०१८ च्या जागतिक बँकेच्या अहवालात या भागाचा आपसातला व्यापार २३ अब्ज डॉलर दिला होता आणि अडथळे काढले तर तो ६७ अब्जांवर जाऊ शकतो असं म्हटलं होतं. भारतातल्या कंपनीला दक्षिण आशियातल्या शेजाऱ्यापेक्षा ब्राझीलशी व्यापार करणं सुमारे २० टक्के स्वस्त पडतं, हेही त्याच अभ्यासातलं.

सडेतोड
रविवार, दुपारी १२:४०

आकडे मान्य. पण हे सगळं वाचून असं वाटतं की दोष जणू फक्त याद्यांचा आणि जकातीचा आहे. आपण १९९६ मध्ये पाकिस्तानला व्यापारातला सर्वाधिक पसंतीच्या देशाचा दर्जा दिला. नंतर १९९९ ला कारगिल, २००१ ला संसद, २००८ ला मुंबई. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला तेव्हा मी कोरेगाव पार्कात दोन गल्ल्या सोडून राहात होतो. त्या संध्याकाळचा आवाज अजून कानात आहे. व्यापार वाढला की मैत्री आपोआप येते असं म्हणणाऱ्यांनी माझ्याशी एकदा शांतपणे बोलावं. सैंधव नाही मिळालं तर मी साध्या मिठावर उपास करीन.

अनघा_कोथरूड
रविवार, दुपारी १:१५

सडेतोडजी, तुमचा मुद्दा मी मनापासून मानते. व्यापारासाठी सगळं विसरा असं मला म्हणायचंच नाही. पण आपले शेजारी म्हणजे एक पाकिस्तानच का? नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान यांच्याशीही आपलं येणं-जाणं एवढं विरळ का, हा माझा प्रश्न आहे.

सीमाभान
रविवार, दुपारी १:३०

अगदी. एका घराशी वैर म्हणून अख्ख्या आळीशी बोलणं टाकायचं नसतं. आणि जिथे दोघा-तिघांनी मिळून काम केलं तिथे जमलंही आहे. बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी २०१९ मध्ये सुरू झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात नेपाळची ४० मेगावॉट वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात गेली. नेपाळने विकली, बांगलादेशाने घेतली, वाट आपण दिली. ही बातमी आपल्याकडे आतल्या पानावर दोन ओळींत होती.

गाडीवान
रविवार, दुपारी ३:०५

माझा निगडीला ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बसच्या आणि ट्रकच्या चासी चालवत नेतो. पिंपरी-चाकणहून निघायचं आणि बंगालात पेट्रापोलला पोचवायचं, तिथून पलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. दोन हजार किलोमीटरच्या वर रस्ता, चासी असल्याने वेग बेताचा, आठ-नऊ दिवस लागतात. बसच्या चासीला केबिन नसते. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर गोणपाट टाकून बसतो, डोळ्याला गॉगल, तोंडाला गमछा. पाऊस आला तर रेनकोट, नाहीतर पेट्रोल पंपाच्या छपराखाली.

नऊ दिवसांत पुणे ते सीमेअलीकडचं बनगाव. आणि मग बनगावच्या पार्किंगमध्ये पाळी येण्याची वाट. पूर्वी आठ दिवस, पंधरा दिवस, कधी वीस. आख्खा देश ओलांडायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट वेळ शेवटच्या पाच-सहा किलोमीटरला. गाडी उभी, भत्ता चालू, डिझेलवर नजर ठेवायची, पार्किंगचं भाडं वेगळं. आता स्लॉट ऑनलाइन मिळतो म्हणून पूर्वीइतकं रखडत नाही, पण कागदात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की गाडी बाजूला.

मालाच्या ट्रकचं तर अजून वेगळं. आपला ट्रक पलीकडे यार्डापर्यंतच जातो, तिथे माल उतरवतात आणि त्यांच्या ट्रकमध्ये भरतात. एकच गोणी दोनदा चढते, दोनदा उतरते. फुटते, भिजते, हमाली दुप्पट. २०१५ मध्ये बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ असा गाड्यांसाठी करार झाला तेव्हा आम्ही संघटनेत पेढे वाटले होते. वाटलं, आपली गाडी सरळ ढाक्याला जाईल. भूतानने नंतर अंग काढून घेतलं, त्यांना आपल्या डोंगरात एवढ्या गाड्या नको होत्या, ते त्यांच्या जागी बरोबरच असेल. बाकीच्यांचं अजून चाललंय.

चासीचं मात्र बरं असतं. ड्रायव्हर पलीकडच्या यार्डात गाडी लावतो, किल्ली देतो, सही घेतो आणि चालत परत येतो.

मिसळपुरी
रविवार, दुपारी ३:२०

गाडीवानदादा, काय लिहिलंय! चुकलं कुठे? लिहीत राहा.

लासलगावकर
रविवार, संध्याकाळी ५:५०

गाडीवानभाऊंचं वाचून राहवलं नाही. मी निफाड तालुक्यातला, घरचा कांदा आणि थोडी आडत. मुलगी पुण्यात शिकते, तिने धागा पाठवला.

बांगलादेश आमचं हक्काचं गिऱ्हाईक. आपला लाल कांदा त्यांना चवीला लागतो. २०२० च्या मे महिन्यात लॉकडाऊनमध्ये ट्रक मिळेनात तेव्हा लासलगावहून कांद्याची मालगाडी थेट त्यांच्या दर्शना स्थानकापर्यंत गेली होती. आम्ही फलाटावर उभं राहून बघितली. वाटलं होतं, आता कायमची वाट झाली.

चारच महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, सोमवारी निर्यातबंदी. माझे दोन ट्रक घोजाडांग्याच्या सीमेवर रांगेत उभे होते. रात्री ड्रायव्हरचा फोन आला, गेट बंद झालं. चौथ्या दिवशी त्याने व्हिडिओ पाठवला. गोण्यांच्या खालून पाणी गळत होतं आणि ताडपत्री उचलली की वाफ येत होती. कांदा सडताना तापतो, हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. काही गाड्या नंतर सोडल्या, त्यात माझी एक गेली. दुसरी तिथेच मिळेल त्या भावाला दिली.

हे एकदाच झालं असतं तर नशीब म्हटलं असतं. २०१९ च्या सप्टेंबरात बंदी. २०२० ला बंदी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबरात पुन्हा बंदी, ती थेट पुढच्या मे महिन्यापर्यंत. मग किमान निर्यात मूल्य. मग २० टक्के शुल्क, ते २०२५ च्या १ एप्रिलला उठलं. २०१९ ला ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाकांच्या वर गेला होता. त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी भर कार्यक्रमात हिंदीतून सांगितलं की मी स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस म्हटलंय. लोक हसले. मला त्या दिवशी हसू आलं नाही. माझं गिऱ्हाईक माझ्याच देशात येऊन उभं होतं आणि मागत होतं, माझ्या चाळीत माल होता, आणि मला देता येत नव्हता.

मग त्यांनी काय केलं? तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, चीन, पाकिस्तान, जिथून मिळेल तिथून कांदा आणला, विमानानेसुद्धा आणला. आणि स्वतःच्या शेतात कांदा वाढवला. आता बंदी नाही, शुल्क नाही, आणि ढाक्याचा व्यापारी फोनवर म्हणतो, "भाई, बघू." ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर हे आहे. दूर कोणी गेलं नाही. भरवसा गेला. आणि दूरच्याकडून मिळायची सोय जागतिकीकरणाने करून ठेवली होती, म्हणून त्याला माझी वाट बघत बसावं लागलं नाही.

अनघा_कोथरूड
रविवार, संध्याकाळी ६:१५

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यांनाही वाचून दाखवला. भाजीवाल्याकडे कांदा महाग झाला की मीच कुरकुर करते, ती बंदी माझ्यासारखीच्या कुरकुरीपोटी येते हे आज नीट कळलं.

भाऊ_चाकण
रविवार, रात्री ८:४५

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी बघतो. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया यांच्याशी रोजचं काम. म्हणून दुसरी बाजू सांगतो.

आग्नेय आशियातले देश काही जन्मजात मित्र नाहीत. ऑगस्ट १९६७ मध्ये बँकॉकला आसियानची स्थापना झाली तेव्हा इंडोनेशिया आणि मलेशिया यांची चकमक नुकती थांबली होती. तरी त्यांनी एक गोष्ट केली जी आपल्याला जमली नाही. १९८८ पासून वाहन कंपन्यांना परवानगी दिली की एका देशात गिअरबॉक्स करा, दुसऱ्यात इंजिन, तिसऱ्यात स्टिअरिंग, आणि आपसात कमी जकातीत फिरवा. टोयोटाने फिलिपिन्समध्ये ट्रान्समिशन, इंडोनेशियात पेट्रोल इंजिन, थायलंडमध्ये डिझेल इंजिन अशी वाटणी केली. आता थायलंडमधली लाइन चालू ठेवायची तर फिलिपिन्समधलं शॉप चालू राहिलं पाहिजे. सीमा बंद करायचा विचार कोणाच्या डोक्यात आला तरी आधी त्याच्याच कामगाराची पाळी बंद पडते.

आपल्याकडे आपण शेजाऱ्याला तयार माल विकतो. तयार गाडी, तयार कांदा, तयार साखर. त्याच्याकडचा एखादा भाग आपल्या मशीनमध्ये बसत नाही. त्याच्यावाचून आपलं काही अडत नाही, म्हणून त्याचं दार बंद झालं तरी आपल्याला आवाज येत नाही. माझ्या पुरवठादारांच्या यादीत अकरा देश आहेत. सार्कमधला एकही नाही.

भोसरी_लघुउद्योग
रविवार, रात्री ९:२०

भाऊ, आवाज येतो, फक्त लहान शॉपला आधी येतो. श्रीलंकेत आपल्या पुणेकर कंपनीच्या रिक्षा घरटी म्हणाव्यात इतक्या. मी त्या रिक्षांच्या काही भागांचं जॉबवर्क करायचो. २०२० च्या मार्चमध्ये त्यांनी परकीय चलन वाचवायला वाहनांची आयात थांबवली. २०२२ ला तर देशच दिवाळखोरीत गेला, आपण सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. वाहनांची आयात २०२५ मध्ये कुठे पुन्हा सुरू झाली. मधली जवळजवळ पाच वर्षं त्या भागाचे डाय माझ्या रॅकवर ग्रीस लावून पडलेत. कोलंबोत पेट्रोलची रांग लागली की भोसरीत माझी एक पाळी कमी होते, हे मी तीन कामगारांना सांगितलंय, त्यांना सोडताना.

तेलबिया_लातूर
रविवार, रात्री १०:०५

सगळे दारं उघडा म्हणतायत, म्हणून शेतकऱ्याच्या बाजूने एक लिहितो. मी मूळचा लातूरचा, नोकरीला धनकवडीत, घरी चार एकर सोयाबीन.

२०२४ च्या सप्टेंबरात खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढलं. कच्च्या तेलावर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के. वाटलं, आता सोयाबीनला भाव येईल. झालं काय? साफ्टाखाली नेपाळहून रिफाइंड तेल विनाशुल्क येतं. आता नेपाळात सोयाबीन असं किती पिकतं? कच्चं तेल येतं समुद्रापलीकडून, तिकडे शुद्ध होतं आणि बिनशुल्काच्या दारातून आत शिरतं. हमीभाव ४,८९२ होता आणि आम्ही चार हजाराच्या आसपास विकलं. तेलाला फक्त हेच कारण होतं असं म्हणत नाही, पण हेही होतं.

नेपाळशी वैर नाही. पण करार शेजाऱ्याशी आणि फायदा तिसऱ्याचा, याला प्रादेशिक सहकार्य कसं म्हणायचं?

सीमाभान
रविवार, रात्री १०:४०

रास्त मुद्दा. हे आधीही झालंय. श्रीलंकेशी आपला मुक्त व्यापार करार २००० मध्ये लागू झाला आणि काही वर्षांतच तिकडून वनस्पती तूप आणि तांबं यायला लागलं. पामतेल बाहेरचं, तांब्याचं भंगार बाहेरचं, शिक्का फक्त श्रीलंकेचा. माल नक्की कुठला हे ठरवण्याचे नियम कडक लागतात. त्यासाठी करार मोडू नये, नीट लिहावा आणि नीट तपासावा.

इंदापूरकर
रविवार, रात्री १०:५५

म्हणूनच नोव्हेंबर २०१९ ला भारत आरसेप या मोठ्या प्रादेशिक व्यापार करारातून बाहेर पडला ते बरं झालं. न्यूझीलंडची दूध पावडर आली असती तर आमच्या गोठ्यांचं काय झालं असतं? दहा गायी आहेत, मला तेवढंच कळतं.

भाऊ_चाकण
रविवार, रात्री ११:१०

इंदापूरकर, दुधापुरतं मान्य. पण बाकीच्या पंधरा देशांनी २०२० मध्ये सही केली आणि त्यांच्यातल्या साखळ्या अजून घट्ट झाल्या. माझी निविदा आता त्या साखळीच्या बाहेरून भरावी लागते. दोघंही आपापल्या जागी खरे आहोत, हीच तर अडचण आहे.

शिंपी_आळी
सोमवार, सकाळी ८:३०

आमचं रविवार पेठेत कपड्याचं होलसेल. लहान मुलांचे टी-शर्ट, लेगिंग्ज बांगलादेशातून यायचे. एवढ्या कमी दरात इतकी सरळ शिवण दुसरं कोणी देत नाही. बोटाने उसवून बघा, धागा सुटत नाही. आणि त्यातलं बरंचसं सूत आपल्याच देशातून गेलेलं असायचं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आपलं सूत जमिनीवरून घेणं बंद केलं. त्याच महिन्यात आपण त्यांना दिलेली, आपल्या बंदरा-विमानतळांतून तिसऱ्या देशात माल पाठवायची सोय काढून घेतली. १७ मेपासून त्यांचे तयार कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातूनच यायचे असा नियम झाला. जूनअखेरीस तागाच्या मालाचंही तसंच, तो तर फक्त न्हावाशेवा. म्हणजे बघा, ताग पिकतो बांगलादेशात, गिरण्या कोलकात्याच्या बाजूला, मधे शंभर किलोमीटर नाहीत, आणि माल आधी येणार आपल्या उरणला! आम्हाला पुण्याला बंदर जवळ म्हणून थोडं बरं. आसाम-त्रिपुरातल्या व्यापाऱ्याने काय करायचं?

मिसळपुरी
सोमवार, सकाळी ९:०५

आणि आपल्या तुळशीबागेत या दिवाळीला काय मिळणार? माझ्या मुलीचे सगळे फ्रॉक तुमच्याच आळीतले.

शिंपी_आळी
सोमवार, सकाळी ९:२०

मिळणार हो, तिरुपूर आहे, लुधियाना आहे. घेऊन या मुलीला, मापात बसेल ते काढून ठेवतो.

मुलीकडे_आखेन
सोमवार, सकाळी ११:००

मी सध्या मुलीकडे जर्मनीत आखेनला आहे. इथून नेदरलँड्समधलं वाल्स इतकं जवळ की आम्ही कधी भाजी आणायला चालत, कधी बसने जातो. रस्त्यात एक पाटी लागते, बास. पहिल्या दिवशी मी सवयीने पर्समधला पासपोर्ट हातात धरून बसले होते. मुलगी म्हणाली, "आई, ठेव तो आत."

पण सगळं छान छान असंही नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केलीय. परवा बस थांबवून पोलिसांनी कागद मागितले. शेजारच्या डच आजी हळूच म्हणाल्या, लहानपणी अशीच गाडी थांबायची. चाळीस वर्षांत मिळवलेलं परत जायला वेळ लागत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

संपादक
सोमवार, दुपारी १२:१०

चर्चा उत्तम चालू आहे. दोन प्रतिसाद वैयक्तिक टीकेमुळे काढले आहेत. कृपया विषयावर राहावं.

पोखरा_ते_पाषाण
सोमवार, रात्री ९:३५

बरेच दिवस नुसती वाचक होते. आज पहिल्यांदा लिहितेय.

माझे आईवडील नेपाळचे, सुदूर पश्चिमेच्या अछाम जिल्ह्यातले. पोखरा माझं आवडतं गाव म्हणून सदस्यनामात. बाबा १९९४ मध्ये पुण्यात आले, पाषाणच्या एका सोसायटीत रखवालदार. माझा जन्म इथलाच, शाळा मराठी माध्यमाची. अनघाताई, तुमच्यासारख्याच एका बाईंनी मला सार्कचे देश पाठ करायला लावले होते. वर्गात नेपाळ म्हणताना सगळे माझ्याकडे बघायचे.

इथे सगळे सीमा बंद असल्याचं लिहितायत. आमची उघडी आहे. १९५० च्या तहामुळे आम्हाला व्हिसा लागत नाही, बाबांना नोकरीला परवाना लागला नाही. दर दोन वर्षांनी गावाला जातो. पुण्याहून दिल्ली, तिथून बसने बनबसा. पुलावरून टांगा. टांग्यात गाद्या, कुकर, एकदा तर आख्खा टीव्ही रजईत गुंडाळून, आणि त्यावर मी बसलेली. पलीकडे गेलं की १०० रुपयांचे १६० होतात, हे १९९३ पासून तसंच आहे, म्हणून पैशाचा हिशेब आजीलाही तोंडपाठ. मात्र नोटाबंदीनंतर बरीच वर्षं शंभरच्या वरची नोट तिकडे चालेना. बाबा निघायच्या आधी आठवडाभर किराणावाले, रिक्षावाले, सगळ्यांकडून शंभराच्या नोटा जमवायचे. सोसायटीतल्या काकू स्वतःहून आणून द्यायच्या.

२०१५ च्या सप्टेंबरात सीमेवरची नाकेबंदी सुरू झाली तेव्हा काका तिकडे चुलीवर लाकडं जाळत होते, गॅस नव्हता. भूकंपाला सहा महिनेही झाले नव्हते. फोनवर काका म्हणायचे, तुमच्याकडच्या लोकांनी असं का केलं? आणि बाबा गप्प. "तुमच्याकडचे" म्हणजे कोण, हे बाबांना कळत नव्हतं. मलाही नाही. त्यानंतर चीनच्या बाजूचा रस्ता, चीनची बंदरं हे बोलणं गावातल्या चहाच्या टपरीवर सुरू झालं. त्याआधी मी ते कधी ऐकलं नव्हतं. लासलगावकरकाका भरवशाचं लिहितात, ते मला म्हणून लगेच समजलं.

सीमा उघडी असणं फार मोठी गोष्ट आहे, मी त्यावरच वाढले. पण उघड्या दारातून आमची माणसं इकडे येतात, काम मात्र तिकडे येत नाही. आमच्या गावात आता म्हातारी माणसं आणि कुलपं आहेत.

सडेतोड
सोमवार, रात्री १०:१०

ताई, तुमचं लिखाण वाचलं. माझ्या वरच्या प्रतिसादातला शब्द मी मागे घेत नाही, पण तो ज्या शेजाऱ्याबद्दल होता त्याच्यापुरताच आहे, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

पोखरा_ते_पाषाण
सोमवार, रात्री १०:१५

सांगते दादा. ते रात्रपाळीला आहेत, सकाळी आले की धागा वाचून दाखवणार आहे.

अनघा_कोथरूड
मंगळवार, सकाळी ७:५०

दोन दिवस सगळं वाचतेय. सुरुवातीला मी जागतिकीकरणाने वळसा घालायला शिकवलं असं लिहिलं होतं. आता वाटतं, वळसा आपण आधीपासूनच घालत होतो, आता त्याला पक्का रस्ता मिळाला. लासलगावकरदादा आणि तेलबिया दादा दोघंही शेतकरी, एकाला दार उघडं हवं, दुसऱ्याला त्यावर राखण हवी, आणि दोघांचं पटतं. मी अजून शाळेत असते तर सार्कच्या धड्याला देशांच्या नावांऐवजी या दोघांचे प्रतिसाद वाचून दाखवले असते.

गाडीवानदादा, एक विचारायचं राहिलं. तुमचा ड्रायव्हर किल्ली देऊन चालत परत येतो म्हणालात. तेवढ्या वेळात पलीकडे कोणाशी बोलतो का हो?

गाडीवान
मंगळवार, दुपारी २:२५

ताई, तुमच्यासाठी काल रात्री मुद्दाम विचारलं. आमचा एक ड्रायव्हर बीडकडचा आहे, चौदा वर्षं त्या लाइनवर. म्हणाला, यार्डात गाडी घ्यायला त्यांचा जो माणूस येतो तो पाच-सहा वर्षं तोच आहे. नाव ठाऊक आहे, घरी किती माणसं ते ठाऊक आहे. ब्रेकची हवा कशी बघायची, पाचवा गिअर कुठे अडतो, ते हा दाखवतो. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं हाताने. मग सही होईपर्यंत तो माणूस याला टपरीवर नेतो. पहिल्यांदा गेला तेव्हा "चा खाबेन?" म्हणून विचारलं, तर याला वाटलं काहीतरी खायला देतोय. चहा आला. आमच्याकडे खेड्यात च्या म्हणतात, तिकडे चा म्हणतात, एवढाच फरक, असं सांगत होता.

बुधवारी चार चासी निघतायत. त्याच्या डब्यात बायकोने शेंगदाण्याची चटणी जास्तीची बांधलीय, अर्धी त्या माणसाला.